पगडीत किती पानं?

आमचे घरमालक काका माणसाची लायकी वर्तमानपत्राच्या पानांत मोजत. ऐकायला विचित्र वाटेल, पण ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी मंडळात ज्याचा ज्याचा सत्कार झाला आहे, त्याला विचारून पाहा. शाल कोणत्या रंगाची होती हे तो विसरला असेल, भाषणांत त्याला काय काय म्हटलं गेलं तेही विसरला असेल. पण काकांनी आपल्या पगडीत किती पानं घातली, ते तो झोपेतून उठवलं तरी सांगेल.

त्याचं असं आहे. मंडळाकडे एक शिंदेशाही पगडी आहे. एकच. सत्कारमूर्तीच्या डोक्यावर ती ठेवायची, टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचा आणि चहा यायच्या आत ती उतरवून परत पेटीत ठेवायची, अशी आमची रीत. शाल आणि नारळ घरी न्यायला मिळतात, पगडी मिळत नाही. आणि ही पगडी आहे अंमळ मोठी. अंमळ म्हणजे, नुसती डोक्यावर ठेवली तर कपाळ ओलांडून थेट नाकावर येऊन बसते. म्हणून काका आतून वर्तमानपत्राच्या घड्या घालत. पेटी त्यांच्याकडे, पेटीची किल्ली त्यांच्या जानव्याला, आणि घड्या घालण्याचा अधिकार फक्त त्यांना. दुसऱ्या कोणी मदतीला हात पुढे केला तर म्हणायचे, "तुम्ही नारळ सांभाळा."

कार्यक्रम संपला की दाराशी चपला शोधता शोधता लोक हळूच विचारत, "काका, आज किती?"

काका इकडे तिकडे बघत आणि निकाल देत. "अर्धा अंक." किंवा, "अख्खा अंक." आणि एखाद्याच्या बाबतीत मान हलवून, "अख्खा अंक, वर रविवारची पुरवणी." मग ती बातमी खासगी बाजार या आमच्या पेठेतून निघून रात्रीच्या जेवणापर्यंत शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला पोचलेली असे. हे कागद डोक्याच्या घेराप्रमाणे लागत की काकांच्या मताप्रमाणे, हा आमच्याकडे कायमचा वादाचा मुद्दा होता. घेर मोठा असलेल्या एका पुढाऱ्याला पुरवणी लागली होती, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

काका गेले त्याला अजून फार दिवस झालेले नाहीत. पेटी आता माझ्याकडे आहे, आणि पेटीबरोबर एक गोष्टही माझ्याकडे आहे. "मी गेल्यावर सांग सगळ्यांना, हसू दे लोकांना," असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं, म्हणून सांगते आहे.

मी खासगी बाजारात त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेले तेव्हा नुकतीच मुलींच्या कॉलेजात भूगोल शिकवायला लागले होते. यजमान नोकरीसाठी जबलपूरला, आठवड्यातून एकदा येणार. काकांनी खोली दाखवायच्या आधी खिशातून टेप काढली, तिचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि खोली माझ्यासमोर मोजली. "दलालाने सांगितल्यापेक्षा वीतभर लहान आहे. आधीच सांगून टाकतो. नंतर मास्तरीण बाई माझं नाव घेऊन रडून राहिल्यात, असं नको." तेव्हापासून मी त्यांची मास्तरीण झाले.

ते वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू आणि मापं तपासायची, शिक्का मारायचा, खोट सापडली तर दंड करायचा. नोकरीतून ते निवृत्त झाले, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. संध्याकाळी पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट आणि डोक्यावर काळी टोपी घालून ते टोपी बाजारातून फिरायला निघाले की दुकानदार नकळत हात पुसायचे. भाजीवाल्याच्या गाडीशी थांबून ते आधी तराजू उचलणार, रिकामी पारडी डोळ्यांसमोर धरणार, आणि मगच वांगी बघणार. एकदा एक भाजीवाला वैतागून म्हणाला, "साहब, अब तो आप रिटायर हो गए!"

"मैं रिटायर हुआ हूँ," काका म्हणाले, "किलो नहीं हुआ."

घरातही तोच कायदा. दूधवाल्याचं माप आधी तपासायचं, चहात साखर सपाट चमचा, शीग नको. काकू म्हणायच्या, "मला बघायला आले होते ना, तर यांनी आधी माझी उंची बघितली आणि नंतर मला." काकांना अशा चेष्टेचं वाईट वाटत नसे. मात्र एका बाबतीत कोणी चेष्टा केलेली त्यांना खपत नसे, ती म्हणजे टोपी. ती काळी टोपी त्यांनी डोक्यावरून उतरवलेली मी कधी पाहिली नाही. जूनमध्ये लू, म्हणजे उन्हाचा भाजका वारा, चाललेला असताना, गच्चीवर माणूस भाजून निघेल अशा वेळीसुद्धा टोपी जागच्या जागी. मी एकदा काकूंना विचारलं, झोपताना तरी काढतात का. त्या म्हणाल्या, "काढत असतील. मी आधी झोपते."

त्यांच्या वेळच्या मराठी घरांत बोडक्या डोक्याने चारचौघांत बसणं म्हणजे बेअदबी, आणि वडीलधाऱ्याला टोपी काढायला सांगणं तर त्याहून मोठी. सत्काराच्या वेळीही टोपी घालणारे कोणी म्हातारे असले, तर काका त्यांना आत खोलीत नेऊन, दार लोटून, टोपीच्या जागी पगडी चढवून बाहेर आणत. आम्हाला वाटायचं, केवढी ही रीतभात!

आमच्या मंडळाचे सचिव म्हणजे सत्काराचे व्यसनी. कोणाचा मुलगा परदेशी गेला, कोणाला बढती मिळाली, कोणाच्या सूनबाईंनी पाककृतीचं बक्षीस मिळवलं, की यांनी हॉल आरक्षित केलाच. आणि काकांचा नियम असा, की पेटी उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, "काय केलं यांनी?"

एकदा सचिवांनी एका पुढाऱ्याचा सत्कार ठरवला.

"काय केलं यांनी?"

"काका, हॉलसाठी पंखे देऊन राहिलेत ते."

"दिले?"

"देणार आहेत. स्वतः बोलले मला."

काका उठून रद्दीतली रविवारची पुरवणी घेऊन आले.

त्या कार्यक्रमाची आठवण झाली की मला अजून एकटीला हसू येतं. पुढारी भाषणाला उभे राहिले. त्यांना प्रत्येक वाक्याला मान हलवायची सवय. त्या हिसक्यांनी आतली घडी सैल झाली आणि पुरवणीचं एक पान त्यांच्या कानावरून हळूहळू खाली उतरायला लागलं. पान होतं 'वधू चाहिए'चं. पहिल्या रांगेतल्या एक बाई, ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी होती, त्या चष्मा सावरून पुढे वाकल्या. त्यांच्या शेजारच्या बाईही वाकल्या. आपल्या विचारांनी समाज भारावून गेला आहे असं वाटून पुढाऱ्यांनी भाषण आणखी लांबवलं. त्या वेळी पगडीच्या कारभाऱ्याचं तोंड कसं आहे म्हणून मी बघितलं, तर काका छताकडे, जिथे पंखे नव्हते तिथे, टक लावून बघत बसले होते.

पुढची गंमत अशी, की त्या उन्हाळ्यात पंखे खरोखरच आले. काका हॉलमध्ये गेले, प्रत्येक पंखा चालू करून त्याच्याखाली थोडा थोडा वेळ उभे राहिले आणि तिथून तडक त्या पुढाऱ्याच्या घरी गेले. "तुमची पुरवणी मी परत घेतो," असं त्यांना सांगून आले. पुढाऱ्याला काय कळलं असेल ते असो, पण त्याने काकांना लस्सी पाजली.

आणखी एक सत्कार मला आठवतो तो एका डॉक्टरांचा. खरंच मोठा माणूस. गरिबांना तपासून वर औषधही देणारा. आमचा अख्खा लश्कर भाग त्यांना हात जोडायचा. मला वाटलं, काका आज एखादं पान घालतील आणि सोडून देतील. पण त्यांनी अर्धा अंक घातला. पगडी चढवल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले, "काका, मला थोडी सैल वाटून राहिली आहे." झालं, काकांचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. घरी येईपर्यंत रस्ताभर ते मला तेच सांगत होते. "इतक्या लोकांच्या डोक्यावर ठेवली मी, मास्तरीण. कोणी म्हटलं नाही सैल आहे म्हणून. हा पहिला!"

मला तेव्हा त्यात एवढं आनंदण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

कळायची वेळ आली ती आमच्या प्राचार्यबाई निवृत्त झाल्या तेव्हा. त्यांच्या जागी कोण, यावरून कॉलेजच्या व्यवस्थापनात दोन तट पडले. एका तटाला हिंदी विभागाच्या मॅडम हव्या होत्या. त्या सर्वांत ज्येष्ठ, कॉलेजची वीट न् वीट ओळखणाऱ्या; मी विद्यार्थिनी असताना मलाही त्यांनी शिकवलेलं. दुसऱ्या तटाला वाणिज्य विभागाचे सर हवे होते. दोन्ही बाजू इतक्या हट्टाला पेटल्या, की शेवटी कोणीतरी माझं नाव घेतलं आणि ते पास झालं. माझ्या नावाला कोणाचाच विरोध नव्हता. विरोध नव्हता याचं कारण, माझ्याकडे आजवर कोणाचं लक्षच गेलेलं नव्हतं. मी आपली नकाशे गुंडाळत स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसलेली असायची.

सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. पण आमचे सचिव व्यवस्थापनापेक्षा जलद. शनिवारी सकाळीच ते जिना चढून आले. "ताई, सत्कार फिक्स! पुढच्या रविवारी. आजवर बायकांना नुसती शाल आणि नारळ. मंडळाच्या इतिहासात पहली बार महिलेला पगडी! पेपरवाल्यांना पण बोलावून राहिलो आहे."

ते गेले आणि मी खाली काकूंकडे जाऊन बसले. त्या उन्हात मटार सोलत होत्या. मी सोलायला लागले आणि थोड्या वेळाने मटार बाजूला राहून माझे डोळेच वाहायला लागले. मी म्हटलं, "काकू, मी सोमवारी नाही म्हणून सांगणार आहे. ती खुर्ची माझी नाहीच. दोघांच्या भांडणात मला मिळाली. मॅडमच्या समोर मी त्या खुर्चीवर कशी बसू? आणि वर लोकांनी मला पगडी घालायची, टाळ्या वाजवायच्या... मला लाज वाटते हो."

काकू म्हणाल्या, "अगं, सगळे घेतात."

"म्हणूनच नको."

काका पलीकडे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. पेपर खाली झाला नाही. पण बराच वेळ पान उलटल्याचा आवाजही आला नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. कोवळं ऊन पडलेलं, समोर किल्ला धुक्यातून नुकताच बाहेर आलेला. काकांनी पगडीची पेटी आणून ठेवली होती आणि तिच्याशेजारी खुर्ची.

"बैस."

"काका, सत्कार व्हायचा नाही. मी सचिवांना सांगणार आहे."

"सत्काराचं कोण बोलून राहिलंय? बैस म्हटलं ना."

मी बसले. त्यांनी पगडी काढली, फुंकर मारली आणि आत काहीही न घालता माझ्या डोक्यावर ठेवली. ती सरळ नाकावर आली. डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या शाईचा वास, आणि सगळीकडे लाल अंधार.

"दिसतंय काही?" बाहेरून काकांचा आवाज आला.

"नाही."

"कसं वाटतं?"

आता डोळ्यांपुढे कोणी नव्हतं म्हणून असेल, मी मनातलं बोलून टाकलं. "काका, मला सगळ्यात जास्त भीती तुमची आहे. लोक टाळ्या वाजवतील हो. पण दाराशी तुम्हाला विचारतील ना, किती, म्हणून. तुम्ही अंक आणि पुरवणी म्हणाल. आणि ते खरंच असेल."

काका हसायला लागले. इतके हसले, की खोकला येऊन ते कठड्याला धरून उभे राहिले. मी पगडी वर केली. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

"मास्तरीण," ते म्हणाले, "ही पगडी बनली तेव्हा माप कोणी घेतलं, माहीत आहे?"

"कोणी?"

"मी."

मग त्यांनी सांगितलं. तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागले होते. मंडळाने अध्यक्षांसाठी पगडी करवायची ठरवली. अध्यक्ष म्हणजे जुन्या दरबारी घराण्यातले, भारदस्त, ज्यांच्यापुढे भलेभले उभे राहून बोलत. माप कोणी घ्यायचं? मंडळी म्हणाली, अरे, आपल्याकडे वजनमापवाला आहे की! नवीन मुलगा, सरकारी टेप आहे त्याच्याजवळ.

"मी गेलो. साहेब बैठकीत बसलेले. चार-सहा मोठी माणसं समोर. आणि साहेबांच्या डोक्यावर टोपी. आता त्यांना मी कसं म्हणू, की साहेब, टोपी काढा? माझी जीभच नाही उचलली गं. मी टोपीवरूनच टेप फिरवली, आकडा लिहिला आणि पगडीवाल्याला देऊन आलो."

मी तोंडावर हात ठेवला.

"पगडी आली. साहेबांनी घातली, तर नाकावर! मी पळत गेलो, तिथला पेपर घेतला, आत कोंबला. साहेब म्हणाले, 'वाह, क्या बढ़िया बैठी है!' झालं. तेव्हापासून कोंबूनच राहिलोय."

"मग परत का नाही दिली दुरुस्तीला?"

"तो पगडीवाला विचारेल ना, नाप किसने लिया था? आणि मी काय सांगू? मी टोपी बाजारात मोहरीएवढ्या फरकासाठी दंड करून राहिलो होतो! कोणाला माहीत पडलं असतं, की वजनमापवाल्याने टोपीवरून माप घेतलं, तर उद्यापासून मला तराजू कोणी दाखवला असता?" ते कठडा सोडून माझ्यासमोर आले. "लोकांना वाटायचं, हे आपलं डोकं मोजतात. मी माझी चूक झाकत होतो. मग लोक विचारायला लागले, किती, किती, तर थोडी मस्ती मी पण केली. ती माफ कर. पण एक सांगतो. त्या पगडीत बिनकागदाचं कोणाचं डोकं बसलेलं मी पाहिलं नाही. त्या डॉक्टरचं पण नाही. फरक एवढाच, की त्याला कळत होतं."

मी पगडी मांडीवर घेऊन बसले होते. तिच्या आत हात घातला तर अस्तर कागदाच्या घड्यांनी झिजून मऊ झालेलं लागलं.

"खुर्ची पण अशीच बनवतात," काका म्हणाले. "बसणाऱ्याला मोजून कोणी बनवत नाही. तुला सैल वाटून राहिली आहे ना? मग घे. ज्याला पहिल्या दिवशी फिट वाटते, त्याची मला भीती वाटते."

"आणि मॅडम? त्यांचं काय?"

"तिला विचारलंस?"

"काय विचारू?"

"हेच. मी एकदा तोंड उघडून म्हटलं असतं, साहेब, टोपी काढा, तर काय, जास्तीत जास्त ओरडले असते. मी चुप राहिलो, तर जन्मभर कागद कोंबतोय. तू चुप नको राहू. आत्ता जा."

मी खरंच त्याच पावली सवारीचा टेम्पो पकडून मुरारला गेले. मॅडम अंगणात उन्हाला बसून तीळगुळाची गजक खात होत्या. मला बघून त्यांनी डबा पुढे केला नाही, यावरून मला काय ते कळलं. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "मॅडम, वो कुर्सी आपकी थी."

"हाँ," त्या म्हणाल्या. "थी."

त्यांनी हातातला गजकचा तुकडा डब्यात परत ठेवला. मग त्या म्हणाल्या, "बुरा लगा मुझे. झूठ क्यों बोलूँ? तुझ पे नहीं, पर लगा." मी म्हटलं, मी उद्या नाही म्हणून सांगते. तशा त्या भडकल्या. "पागल है क्या? तू मना करेगी तो क्या मुझे दे देंगे? बाहर से किसी को उठा लाएँगे, जिसको ये भी पता नहीं होगा कि बारिश में कौन सा कमरा टपकता है. तू बैठ. टाइमटेबल मैं बनाऊँगी. और जहाँ गलत करेगी, सबके सामने टोकूँगी."

"सबके सामने?"

"अकेले में बोलूँगी तो तू भूल जाएगी."

मग त्यांनी गजकचा डबा माझ्यापुढे धरला. मी सोमवारी हो म्हणून कळवलं. आणि मॅडमनी आपला शब्द अक्षरशः पाळला. त्या निवृत्त होईपर्यंत एकही स्टाफ मीटिंग अशी गेली नाही, की ज्यात मला सर्वांदेखत एकदा तरी टोकलं गेलं नाही. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं. नसायचं तेव्हा मीही सर्वांदेखत सांगायला शिकले.

माझा सत्कार ठरल्याप्रमाणे झाला. काका मंचावर मागे उभे राहून घड्या घालत होते आणि मी कुजबुजून विचारलं, "काका, किती?"

"अख्खा अंक. वर पुरवणी."

"पुरवणीसुद्धा?"

"तुझं डोकंच लहान आहे, मी काय करू?"

त्या सत्काराचा फोटो आमच्या घरात आहे. पहिल्यांदा पगडी घातलेली महिला म्हणून तो पेपरातही आला होता. त्यात बाकी सगळे गंभीर आहेत आणि सत्कारमूर्ती तोंड उघडं टाकून हसते आहे.

त्यानंतर पुष्कळ वर्षं सचिव काकांच्या मागे लागले होते, की एकदा तुमचाही सत्कार करू द्या. काका दरवेळी उडवून लावायचे. "काय केलं मी? रद्दी वापरली." काकू गेल्यावर ते थोडे वाकले, हातात काठी आली, टोपी बाजारातल्या फेऱ्या कमी झाल्या. दुकानदार स्वतःहून घरी येऊन म्हणायचे, "साहब, काँटा देख लो एक बार." यांना बरं वाटावं म्हणून. गेल्या हिवाळ्यात ते अचानक तयार झाले. अट एकच, पगडी मास्तरणीने घालायची.

मी आदल्या दिवशी पेटी घेऊन बसले. अख्ख्या अंकाच्या घड्या त्यांच्या पद्धतीने करून ठेवल्या, एकावर एक, कडा बरोबर जुळवून. मोठा कार्यक्रम होता. हॉल भरलेला, पंखे बंद, लोक स्वेटर घालून बसलेले. पुढच्या रांगेत ते पुढारी, पलीकडे ते डॉक्टर. काकांना खुर्चीत बसवलं. मी एका हातात पगडी आणि एका हातात घड्या घेऊन उभी राहिले. डोक्यावर टोपी होतीच. सचिव माझ्या कानाशी म्हणाले, "ताई, काकांना आत नेऊ का? टोपी बदलायला?"

काकांनी ऐकलं. "काही गरज नाही," ते म्हणाले. "त्या वेळी कोणी काढा म्हटलं नव्हतं. आज पण नको म्हणू."

सचिवांना काही कळलं नाही. मला कळलं. मी घड्या काखेत दाबल्या आणि पगडी त्या काळ्या टोपीवर अलगद ठेवली.

ती बसली. कपाळावर जिथे असायला हवी तिथेच येऊन थांबली. मी हलवून पाहिली, हलली नाही. इतक्या वर्षांत त्या पगडीला कोणाच्या डोक्यावर अशी नीट बसलेली मी पहिल्यांदा बघत होते. हॉलमध्येही सगळ्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण टाळ्या वाजायच्या राहून गेल्या. मग मागून कोणीतरी धीर करून ओरडलं, "काका, आज किती?"

काका काठीवर जोर देऊन उभे राहिले. निरीक्षक तपासणी संपल्यावर शेरा देतो तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "निरंक!"

आणि मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तसा त्या हॉलमध्ये मी कधी ऐकला नाही. काकांचे डोळे भरून आले होते. माझे तर केव्हाच वाहत होते. ते माझ्याकडे वाकून म्हणाले, "बघितलंस? माप बरोबर होतं माझं."

मला रडता रडता हसू आलं. काखेतला कागदाचा गठ्ठा सटकायला लागला होता. तो हातात घेऊन मी विचारलं, "काका, आता याचं काय करू?"

त्यांनी त्या घड्यांकडे बघितलं, कडा जुळल्या आहेत की नाही ते बोटाने तपासलं.

"तुझ्याजवळच ठेव," ते म्हणाले. "सोमवारी कॉलेजात त्या खुर्चीवर बसायचं आहे नं तुला?"

"आहे," मी म्हटलं आणि अख्खा अंक पर्समध्ये घातला.